पडद्यावरच्या म्हातारीचा कौल

भाचा सुट्टीला आला की मला त्याचे गेम दाखवत बसतो. एकात पावसात भिजणारं बेट, एकात बंद घर आणि भिंतीमागे कोणीतरी चालतंय. चित्रं इतकी खरी की शेवाळावरून पाय सटकेल असं वाटतं. "मावशी, घाबरलीस ना?" असं विचारतो. मी म्हणते, हो रे बाबा, घाबरले. पोराचं मन कशाला मोडा! खरं सांगायचं तर मला एकाच गेमची भीती वाटते आणि त्यात चित्र एकसुद्धा नव्हतं. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजी अक्षरं, तीही थरथरणारी. त्यातलं एक वाक्य मी माझ्या आईला खोटं वाचून दाखवलं. त्यापायी माझ्या बाबांचं काय झालं ते घरादाराला माहीत आहे. वाक्य खोटं होतं हे मात्र माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

बाबा तेलाच्या जहाजावर फिटर होते. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. आम्ही राहायचो रत्नागिरीत, मांडवीच्या अलीकडच्या आळीत. तिथे दर दोन घरांआड एक माणूस बोटीवर असायचा, त्यामुळे कोणाच्या घरी काय नवीन आलं याची कोणाला अपूर्वाई नसे. अत्तर, टेपरेकॉर्डर, नायलॉनच्या साड्या, मिटली की वीतभर होणारी छत्री. बाबांनी एकदा मात्र वेगळंच काहीतरी आणलं. टाइपरायटरचा वरचा भाग कापून घ्यावा तशी एक काळी पट्टी. जहाजावरच्या कोणा अधिकाऱ्याने जुनी झाली म्हणून काढून टाकलेली. तिला म्हणे कॉम्प्युटर म्हणायचं. आईने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "ह्याच्यावर पोळ्या होतात?"

टीव्ही आळीत नुकता आलेला, काळापांढरा. त्याला ती पट्टी जोडायची, पट्टीला टेपरेकॉर्डर जोडायचा आणि कॅसेट लावायची. गेम आत जाईपर्यंत पाच-सात मिनिटं ती कॅसेट किंचाळत राहायची. किंचाळणंच ते, दुसरा शब्द नाही. आई कानांवर हात दाबून म्हणे, "मेलं, डुकराला कापतायत का काय!" आवाजाचं बटण इकडचं तिकडे झालं की सगळं पहिल्यापासून. वीज मध्येच गेली तरी पहिल्यापासून. आणि आमच्याकडची वीज म्हणजे काय विचारता! मी त्या पट्टीला इतक्या शिव्या दिल्यात की तेवढ्या नवऱ्याला दिल्या नाहीत.

पण एकदा गेम सुरू झाला की मी जागची हलत नसे. एक बेट आहे. बेटावरच्या दीपगृहाचा दिवा विझलाय. तो का विझला हे बघायला तू निघाला आहेस. एवढीच गोष्ट. दोन-दोन शब्दांत हुकूम टाइप करायचा. दिवा घे. दार उघड. उत्तरेला जा. मग पडद्यावर उत्तर यायचं. मी शेजारी डिक्शनरी घेऊन बसायची आणि शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर त्या बेटाचा नकाशा काढायची. विहीर इथे, मोडकी पायरी तिथे, जिथली घंटा वाजवली की मेलातच ती देवळी पलीकडे.

पुस्तक कसं, तुम्ही झोपलात तरी आतली माणसं आपली चालत असतात असं वाटतं. हे तसं नव्हतं. मी काही टाइप केलं नाही तर तिथे काहीच होत नसे. पडद्यावरचा चौकोनी ठिपका लुकलुकत वाट बघायचा. आणि त्या बेटावर माणूस असा भेटायचाच नाही, नुकताच गेलेला असायचा. एका घरात शिरलं की लिहून यायचं, टेबलावर दोन कप आहेत, चहा अजून गरम आहे. बस्स, एवढंच. कोण गेलं, का गेलं, काही नाही. भर दुपारी खिडकीबाहेर लख्ख ऊन असताना माझ्या अंगावर काटा यायचा आणि मी उगाचच स्वयंपाकघरात जाऊन आई आहे ना ते बघून यायची.

सगळ्या बेटावर भेटणारं माणूस एकच. किनाऱ्यावर एक म्हातारी बसलेली असायची. तिथून नावेत बसून दीपगृहाच्या खडकावर जायचं. पण जायच्या आधी म्हातारीला विचारावं लागे. ती कधी म्हणायची, जा, वाट मोकळी आहे. कधी म्हणायची, पाणी उपाशी आहे, नावेत बसू नकोस. तिचं ऐकलं, जा म्हणेपर्यंत थांबलं, तर तुम्ही पार. नाही ऐकलं तर नाव उलटायची आणि पडद्यावर एकच ओळ राहायची: पाण्याने तुला घेतलं. मग पुन्हा कॅसेट, पुन्हा किंचाळणं.

आई सुरुवातीला नाकं मुरडायची. पण रविवारी दुपारी तांदूळ निवडायला म्हणून माझ्यामागे येऊन बसू लागली. "काय सांगत्ये गो ती?" विचारायची. तिचं इंग्रजीशी वाकडं, मग मी वाचून मराठीत सांगायची. मी दोनदा मुद्दाम म्हातारीचं न ऐकता नाव काढली आणि दोन्ही वेळा बुडाले. आई म्हणाली, "वडिलधाऱ्या माणसाचं ऐकायचं नाही, मग दुसरं काय होणार? बाई खोटं बोलणाऱ्यातली दिसत नाही." पुढे तर नाव काढायची वेळ आली की सूप खाली ठेवून तीच बजावायची, "आधी विचार गो तिला!"

तीन महिने घासून मी शेवटाला पोचले. दीपगृहाचं दार उघडलं. आत जिना, तो वर नाही, खाली जाणारा. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पडद्यावर आलं, पुढची गोष्ट दुसऱ्या भागात. दुसरा भाग म्हणजे दुसरी कॅसेट, आणि ती आमच्याकडे नव्हती. मी इतकी संतापले की वही भिरकावली. खाली काय आहे? चहा पिणारे कुठे गेले? जेवताना, शाळेत, अंघोळ करताना माझ्या डोक्यात तो जिना. बाबांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ही फेरी संपली की जहाज सिंगापूरला लागेल, तिथे जुन्या कॅसेटी मिळतात, तुझा दुसरा भाग घेऊनच येतो.

आखातात तेव्हा लढाई पेटलेली. तेलाच्या बोटींवर बाँब टाकतात असं रेडिओवर सांगायचे. आई बातम्या लागल्या की रेडिओ बंद करायची, आणि बंद केला की पुन्हा लावायची.

मग बाबांचं ते पत्र आलं. आईने ते उंबऱ्यातच उभ्याने वाचलं, मग खाली बसून वाचलं. बाबांनी लिहिलं होतं: "जहाज आता आखातात शिरणार. कंपनी म्हणते, ज्यांना यायचं नाही त्यांनी बाहेरच्या बंदरात उतरावं, तिथून सरळ मुंबईला पाठवू. उतरलो तर यादीत नाव खाली जाईल, पुन्हा बोट मिळेल न मिळेल. गेलो तर एकच फेरी, मग सिंगापूर, मग घर. मला काही सुचत नाही. तू सांग. तू म्हणशील तसं करतो. सोमवारच्या आत एजंटच्या पत्त्यावर तार कर."

बाबांनी आईला आजवर काही विचारलं नव्हतं. कौलं कधी बदलायची हेसुद्धा ते जहाजावरून कळवायचे. आणि एकदम हे! "मी काय सांगू?" आई म्हणाली. "समुद्रातलं मला काय कळतंय?"

शनिवारी सकाळी ती ग्रामदेवतेला कौल लावायला गेली, मला घेऊन. आमच्याकडे अडलंनडलं की हेच करतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपलं म्हणणं देवापुढे घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, जाऊ दे का माणसाला पुढे? आम्ही बसलो. तास गेला, दीड तास गेला. पाकळ्या सुकल्या, पण एकही पडली नाही. गुरव हात झटकत म्हणाला, "वहिनी, देव आज बोलत नाही. आठ दिवसांनी या."

"आठ दिवसांनी येऊन काय करू, तेरावं?" आई म्हणाली आणि तिने लगेच स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. मी तिला असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी ती डोक्यावरून अंघोळ करून आली आणि ओल्या केसांनी माझ्यासमोर उभी राहिली. "तो टीव्ही लाव."

"आत्ता? कशाला?"

"म्हातारीला विचार."

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "हसतेस काय? देव काय फक्त पाकळीतनंच बोलतो? शुद्ध मनानं विचारलं तर तो दगडातनं बोलतो, मग डब्यातनं बोलायला त्याला काय धाड भरल्ये? आणि आजपर्यंत त्या बाईनं एकदा तरी फसवलंय का?"

फसवलं नव्हतं.

तिने टीव्हीपुढे नारळ ठेवला, मूठभर तांदूळ ठेवले, निरांजन लावलं. कॅसेट किंचाळू लागली. या वेळी आईने कानांवर हात ठेवले नाहीत, ती हात जोडून त्या आवाजासमोर बसून राहिली. मला ते बघवेना. मी भराभर हुकूम देत किनाऱ्यावर पोचले. म्हातारी बसलेली होती. आईने टीव्हीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात विचारलं, "हे आत जाऊ देत की उतरून घरी येऊ देत? काय ते स्पष्ट सांग." मी टाइप केलं, म्हातारीला विचार.

ठिपका लुकलुकला. मग ओळ आली. पाणी उपाशी आहे. नावेत बसू नकोस. घरी जा.

त्या क्षणाला माझ्या मनात काय होतं हे मी अगदी नीट सांगू शकते, कारण चाळीस वर्षं मी तेच उगाळत आले आहे. बाँबचा विचार माझ्या मनात आला नाही. बाबांचाही नाही. माझ्या मनात आलं, बाबा उतरले तर सिंगापूर नाही. सिंगापूर नाही तर दुसरा भाग नाही, आणि तो जिना खाली कुठे जातो ते मला कधीच कळणार नाही. चौदा वर्षांची घोडी होते मी, कुक्कुलं बाळ नव्हते.

"जा म्हणत्ये," मी म्हणाले. "वाट मोकळी आहे."

"परत वाच."

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा तर आणखी सोपं गेलं, वर मी पदरचं घातलं की पाणी शांत आहे. आई पुढे झुकून पडद्याकडे बघत राहिली. "तू सांगितलंस त्याच्यापेक्षा अक्षरं जास्त दिसतायत गो."

"इंग्रजीत जास्तच लागतात," मी म्हटलं आणि बटण बंद केलं.

आईने नारळ फोडला. तो चांगला निघाला, म्हणून तिचा चेहरा आणखी उजळला. मला खोबऱ्याचा तुकडा दिला, तो मी खाल्ला. मग दोघी तार ऑफिसात गेलो. मजकूर तिने सांगितला, इंग्रजीत मी लिहिला: फेरी पूर्ण करा, आम्ही ठीक आहोत. माझ्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेलेली असताना मी तीच म्हातारी पुन्हा काढली आणि विचारलं. ती म्हणाली, जा. परत विचारलं. जा. तिसऱ्यांदा म्हणाली, पाणी उपाशी आहे. म्हणजे फाशासारखंच, पडेल ते पडेल. तिला कसली बोट आणि कसलं आखात ठाऊक असणार? या हिशोबाने पाहिलं तर माझं खोटं आणि तिचं खरं यात काडीचा फरक नव्हता. हा युक्तिवाद मी स्वतःशी किती वेळा केला असेल! काही उपयोग होत नाही. तारेतून म्हातारीचं वाक्य गेलं नव्हतं, माझं गेलं होतं.

त्यानंतरचे दिवस बरे गेले, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. आई गुणगुणत काम करायची. रेडिओ लावून ठेवायची आणि बातम्या ऐकताना तिच्या हातचं काम थांबायचं नाही. "आपल्याला सांगितलंय ना," म्हणायची. मीच दचकायची, पोस्टमनची सायकल वाजली की, दारात कोणी हाक मारली की. मला सांगावंसं वाटलं नाही असं नाही. एकदा ती मासे साफ करत बसली होती तेव्हा मी "आई" म्हणून सुरुवातही केली. तिने वर बघून "काय गो?" म्हटलं आणि मी म्हणाले, भूक लागली.

मुंबईहून कंपनीची तार आली. जहाजाला आग लागली, तुमचे यजमान इस्पितळात आहेत, जीवाला धोका नाही. ती मीच वाचून दाखवली. "परत वाच," आई म्हणाली. मी परत वाचली. या वेळी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

बाबा अडीच महिन्यांनी घरी आले. इंजिनरूममध्ये त्यांच्याबरोबर जे दोघं होते ते वर आलेच नाहीत. बाबांचा चेहरा वाचला होता, उजवा हात नाही. बोटं एकमेकांना चिकटून त्यांची एक गाठ झाली होती. फिटरचा हात तो. ते डाव्या हातात चमचा धरून जेवायचे आणि डाव्या हाताने जेवतो म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचे. आई भरवते म्हणाली तर अंगावर ओरडले. आमचे बाबा ओरडणाऱ्यातले नव्हते.

एकदा जेवता जेवता आपणहून बोलले. आवाजात राग नव्हता, शेजारच्याची हकीकत सांगावी तसं बोलले. "सोमवार उजाडला तरी तुझी तार नाही. म्हटलं, हिला काही सुचलं नसणार, उतरू या. बॅग भरली, शिडीपाशी जाऊन उभा राहिलो. शिडीवर पाय ठेवणार एवढ्यात एजंटचा माणूस वर आला आणि हातात तार दिली. मग बॅग परत रिकामी केली."

आईच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. "मला कौल मिळाला होता," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. कौल मिळाला म्हटल्यावर आमच्याकडे पुढे कोणी काही विचारत नाही. मी अर्ध्या ताटावरून उठले आणि मागच्या दारी जाऊन बसले. आईला वाटलं, कोलंबी बाधली.

शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. त्या वर्षी आमच्या दारातही आली. ढोलांचा दणका, अंगण माणसांनी भरलेलं. बाबा आतल्या खुर्चीवर बसून होते, हात पंच्याखाली झाकून. पालखी टेकली. मानकऱ्याने पुढे होऊन घराच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या घरचा धनी दर्यावर संकटात सापडला, त्याला तू सुखरूप घरी आणलास..." आणि सगळ्या माणसांनी एका सुरात म्हटलं, "होय महाराजा!"

"सुखरूप?" आई म्हणाली.

ती ओटीचं सामान घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं आणि सरळ पालखीपुढे जाऊन उभी राहिली. "मी सोवळ्यानं विचारलं होतं. उपाशी पोटी विचारलं होतं. जा म्हणालास. माझ्याशी खोटं का बोललास? दोन बायका रांडाव झाल्या, माझ्या माणसाचा हात गेला. बोल की आता!"

ढोल थांबले. त्यावर कोणी होय महाराजा म्हटलं नाही. मानकरी तिला "वहिनी, वहिनी" करू लागला. तेव्हा मागून गुरव पुढे आला. तो म्हातारा होता, हळू बोलायचा. म्हणाला, "देव खोटं बोलत नाही वहिनी. चूक होत असेल तर सांगणाऱ्याची होते. मी पस्तीस वर्षं सांगतोय, मला ठाऊक आहे. तुम्हाला कौल सांगितला कोणी?"

"सांगणारी माझी लेक आहे," आई कडाडली. "ती कशाला खोटं सांगेल? तिच्या बापाच्या जीवाचं विचारत होते मी!"

मी आरतीचं ताट धरून तिच्या शेजारीच उभी होते. गुरवाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. मानकऱ्याने खूण केली, पालखी उचलली गेली आणि ढोल वाजवत पुढच्या घराकडे निघाली. ओटी तशीच पायरीवर राहिली.

त्यानंतर दर शिमग्याला पालखी आळीत आली की आई दार लावून घ्यायची. देवळाची पायरी ती पुन्हा चढली नाही. बाबांनी समजावलं, आळीने समजावलं, तिने ऐकलं नाही. तीस वर्षं तिचा देवाशी अबोला होता आणि तशीच ती गेली. माझ्याशी मात्र ती शेवटच्या दिवसापर्यंत बोलत होती.